राखेने घासलेली काच

१० सप्टेंबर २००६, रविवार

आज विहारात बैठक झाली आणि मी भर बैठकीत बोललो. बोलायला नको होतं की काय, असं वाटतं.

बुद्धाची मूर्ती नागपूरहून आणायचं ठरलं. पांढरा संगमरवर, ध्यानाला बसलेली, अडीच फूट. नागपूरच्या दीक्षेला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून १४ ऑक्टोबरलाच बसवायची. रजत म्हणाला, माझा नवा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली फुलांनी सजवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की हैदराबाद रोडवर ट्रक काय धूळ उडवतात, उघड्या ट्रॉलीत मूर्ती काळी होऊन येईल. माझी मेटाडोर बंद गाडी आहे. मूर्ती मधल्या सीटवर बसेल, काचेतून लोकांना दिसेल.

इंद्रजित समितीचा अध्यक्ष आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पोरगा हुशार, पण जीभ तिखट. म्हणाला, "बावा, तुमच्या काचा कधी पाह्यल्या का? आपल्याले बुद्ध दाखवाचा हाये का लपवाचा?"

सगळे हसले. मीही हसलो. मग तोच म्हणाला, "काचा नीट करा, मंग तुमचीच गाडी. शब्द हाये माझा."

मी एवढा मागे का लागलो ते इथे लिहितो, बैठकीत सांगता आलं नाही. छप्पन साली मी बारा वर्षांचा होतो. बाप मला नागपूरला घेऊन गेला. एवढी माणसं एका जागी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. सगळी पांढऱ्या कपड्यात. बापाच्या खांद्यावर बसायला मी मोठा होतो आणि पुढचं दिसायला लहान. लाऊडस्पीकरमधून आवाज आला, सगळे एकदम उभे राहिले आणि माझ्यासमोर फक्त पाठी आल्या. माणसं रडत होती ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. बाप वाकून विचारायचा, "दिसते का रे?" मी हो म्हणायचो. मला दिसत काही नव्हतं.

गावातली पोट्टी विचारतात, बावा, तुम्ही तिथं काय पाह्यलं? मी खरं सांगतो की पाठी पाहिल्या. पोट्टी हिरमुसतात. या वेळी बुद्ध गावात येईल तेव्हा प्रत्येकाला दिसला पाहिजे. लहान असो, मागे उभा असो.

११ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उजेडात काचा पाहिल्या. इतकी वर्षं मी ही गाडी पुसतो, पण अशी कधी पाहिली नव्हती. मधल्या दोन्ही सरकत्या काचांवर आडवे-उभे ओरखडे. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये मी ही गाडी चालवायचो तेव्हा हमाल कापसाची गाठोडी लोखंडी आकड्याने ओढून आत टाकायचे. आकड्याचं टोक काचेला लागायचं. मी ओरडायचो, ते हसायचे. पुढे काच सरकवताना धूळ लागली, तिनेही रेघा काढल्या. जिनिंग बंद पडलं तेव्हा मालक फुलचंद शेठने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "बळीराम, इले तूच समजतो." ते कारखाना बंद झाल्याचं दुःख होतं की माया होती, अजून कळलं नाही.

आतून बाहेर पाहिलं. समोरच्या बाभळीवर कोळ्याने जाळं केलंय असं वाटलं. जाळं काचेवरच होतं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

कोणी सांगितलं की दात घासायच्या पेस्टने काच साफ निघते. आख्खी ट्यूब संपवली. काचेला पुदिन्याचा वास आला, ओरखडे जागच्या जागी. बायको कौसल्या म्हणाली, "अवो, काचेले दात फुटले तं सांगजा मले."

तिला सगळ्याची गंमत वाटते. मला रात्री झोप नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाऊन आलो. काचा कापणारा हिरासिंग म्हणून आहे, त्याच्याकडे गेलो. तो काच कापत होता तेव्हा मी बोलायचं विसरून पाहत राहिलो. हातात पेन्सिलीएवढं हत्यार. काचेवर एक रेघ ओढली, आवाजही आला नाही. मग खालून बोटाने हळूच दाबलं आणि एवढी मोठी काच रेघेवरून दोन भाग झाली, जशी काही तिची तशीच इच्छा होती. आणि ही काच वाळूपासून करतात म्हणे. वाळूतून पलीकडचं दिसत नाही, काचेतून दिसतं. कोणाला पहिल्यांदा सुचलं असेल?

माझ्या काचेवर त्याने नख फिरवलं. "बाबाजी, ये तो गहरा है. घिसने से नहीं जाता. और इस मॉडल का माल अब बनता नहीं."

मी म्हटलं, साधी काच कापून दे.

"दे दूंगा. मगर धक्के में फूटेगी. ये गाडी के कांच जैसी चुरा नहीं होती, चाकू बनके गिरती है. अंदर किसको बिठाते हो?"

बुद्धाला, हे मी सांगितलं नाही. साधी काच नको म्हटलं. येताना सारखी ती चाकूसारखी काच डोळ्यांपुढे येत होती, मूर्तीच्या मानेवर. कुठे जुनी गाडी भंगारात निघाली तर काच काढून ठेवीन, निरोप देईन, असं तो म्हणाला. पण कधी, ते नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

कौसल्या अंगणात पितळेची घागर घासत बसली होती. चुलीची राख, चिंच आणि नारळाची शेंडी. काळी घागर होती, बघता बघता तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी मनात म्हटलं, पितळ एवढं उजळतं तर काच का नाही?

तिला म्हटलं. ती म्हणाली, "घागर वेगळी, काच वेगळी." पण तिने राख चाळून दिली. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांचीच राख, दुसरं आमच्याकडे चुलीत काय असतं. राख पाण्यात कालवून मी गोल गोल घासत बसलो. दुपारपर्यंत एक बाजू. हात खांद्यातून निघून येतो की काय असं झालं. उद्या दुसरी बाजू.

२६ सप्टेंबर, मंगळवार

घात झाला.

आकड्याचे मोठे ओरखडे बोथट झाले खरे, पण आता आख्खी काच धुरकट. सावलीत ठीक दिसते. ऊन पडलं की साऱ्या काचेवर बारीक बारीक केसांसारख्या रेघा, गोल गोल, माझा हात जसा फिरला तशा. आधी ओरखडे मोजके होते. आता कुठे नाहीत असं नाही. राख कितीही चाळली तरी तिच्यात बारीक माती असणारच, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मी गाडीपाशी डोकं धरून बसलो होतो. कौसल्या आत मधल्या सीटवर लसूण सोलत होती, तिथे वारा बरा लागतो म्हणून. दिवस मावळत होता. ती म्हणाली, "अवो, इकडून पाहा ना एकडाव. सूर्याले कसं होऊन राह्यलं."

मी म्हटलं, "तुले सूर्याचं पडलं हाये? इथं माझ्या इज्जतीचं चाल्लं."

ती म्हणाली, "बरं बावा." आणि लसूण सोलत बसली.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

वस्तीतली अर्धी माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. मी गेलो नाही. गाडी सोडून जायचं मन झालं नाही. घरावरून गाड्या जात होत्या, पांढरे कपडे, निळे झेंडे, जय भीमच्या आरोळ्या. रस्त्याकडेला उभा राहून हात केला. पन्नास वर्षांत केवढं झालं. तेव्हा आम्ही बाप-लेक किती वेळ चालत होतो, आणि आता बायका लेकरांना मांडीवर घेऊन गाडीत बसून जातात.

पऱ्हाटी फुटायला लागली आहे. पहिल्या वेचणीची घाई, पण यंदा कोणी मोठ्याने बोलत नाही. कापसाच्या भावाचं विचारलं की माणसं आभाळाकडे पाहतात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

वरच्या आळीतला रामराव गेला. कसा गेला ते मी इथे लिहीत नाही. यंदा आजूबाजूच्या गावांत अशी घरं फार झाली. पेपरवाले येतात, फोटो काढतात, जातात.

त्याला यवतमाळच्या दवाखान्यातून आणायला माझीच गाडी नेली. मागची बाकं काढून त्याला ठेवलं. त्याची बायको मैनाबाई मधल्या सीटवर. ती काचेला तोंड लावून बसली होती. मावळतीचं ऊन तिच्याच बाजूला होतं. मला आरशात तिचा पदर दिसायचा. मला वाटलं, बाईला आपल्या गावचं शिवार पाहायचं असेल आणि या काचेतून दिसत नसेल. इतकी लाज वाटली की म्हटलं, "वयनी, काच खराब केली मीच. राखेनं घासली."

ती काचेतून पाहतच म्हणाली, "राहू द्या भाऊ. दिसते."

एवढंच.

८ ऑक्टोबर, रविवार

इंद्रजित आणि रजत गाडी पाहायला आले. बरोबर दुपारच्या उन्हात. इंद्रजितने काचेपाशी डोळे नेले, मागे घेतले, परत नेले. "बावा, हे काय करून ठेवलं? पयले काच होती, आता मोतीबिंदू झाला."

रजत म्हणाला, "ट्रॅक्टर धुवून ठेवतो मी."

कौसल्या आतून आली. हातात पिठाचा गोळा तसाच. म्हणाली, "मास्तर, रस्त्यानं पन्नास ट्रकाची धूळ खात आणता का बुद्धाले? नागपूरपासून गावापर्यंत काचा लागलेल्या राहू द्या. गावात शिरलं की सरकवून टाका. काच सरकते, हे ठाऊक नाही का तुमाले?"

इंद्रजित तिच्याकडे पाहत राहिला. मग हसला. "काकू, तुमाले समितीत घ्यायला पाह्यजे होतं."

"कोण घेऊन राह्यलं?" ती म्हणाली आणि आत गेली.

तर ठरलं. माझीच गाडी. रामरावच्या घरची तेरवी व्हायची आहे म्हणून बँड नाही, गुलाल नाही, घोषणा नाहीत. मूर्ती शांतपणे त्यांच्या दारावरून जाईल आणि विहारात येईल. आमच्या वस्तीने हे आपणहून ठरवलं. हे चांगलं झालं.

एवढी साधी गोष्ट, काच सरकवायची, मला महिनाभर सुचली नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काच सरकत नाही.

राखेचा कालवलेला चिखल खालच्या पट्टीत उतरला होता, तो वाळून दगड झाला. तेल सोडलं, खिळ्याने कोरलं, ठोकलं. अजून ठोकलं तर काच फुटेल. दोन्ही बाजू तशाच. कौसल्याला सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही.

शिवाय बॅटरी बसली आहे. संध्याकाळी गावात लोडशेडिंग असतं, म्हणून मूर्तीचं डोकं येईल त्याच्या किंचित वर, मागच्या बाजूने, गाडीचाच एक छोटा बल्ब टांगला. इंजिन चालू असेल तर बल्ब पांढरा पेटतो. अॅक्सिलेटरवरून पाय काढला की निखाऱ्यासारखा लाल होतो आणि विझतो. म्हणजे परवा मला पाय काढता येणार नाही.

इंद्रजितला जाऊन सांगावं का? आज दोनदा त्याच्या घराच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याने शब्द दिला होता. तो आता ट्रॅक्टर म्हणेल. सांगितलं पाहिजे हे कळतं. सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल जे झालं ते सगळं लिहायचं आहे. कुठून सुरुवात करू?

मूर्तीपासून करतो. दुकानात कारागीर तिच्यावरची पांढरी भुकटी ब्रशने झाडत होता. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं. अर्धे मिटलेले. ते कोणाकडे पाहत नाहीत आणि तरी आपण समोरून हललो की आपल्याला कोणीतरी सोडून दिल्यासारखं वाटतं. चौघांनी उचलली, मी फक्त गोधडी सारखी केली. कौसल्या शेजारी बसली आणि पूर्ण रस्ता तिने एक हात मूर्तीच्या पाठीला लावून ठेवला, आजारी माणसाला लावतात तसा. इंद्रजित माझ्या बाजूला पुढे.

हिंगणघाटच्या अलीकडे ट्रक उलटला होता. तिथे आमचा दिवस गेला. फाट्यावर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि गावात लाईट नव्हती. सगळं गाव काळं. फाट्यावर माणसं उभी, आमचीही आणि वरच्या आळीतलीही. हातात मेणबत्त्या होत्या, त्या वाऱ्याने विझलेल्या.

इंद्रजित उतरला. मूर्तीवरचं कापड काढलं. मग काचेला हात घातला. "बावा, काच सरकत नाही."

मी म्हटलं, "जोर लाव." मला माहीत असून म्हटलं. त्याने जोर लावला. "बावा!"

तेव्हा मी सांगितलं, "ते सरकत नाही मास्तर. परवापासून सरकत नाही. राख बसली खाली."

तो अंधारात माझ्याकडे वळला. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, हे बरं होतं. मग हळूच म्हणाला, "आता काय करता. चला. बल्ब तरी लावा."

मी बटण दाबलं, अॅक्सिलेटर दिला. मागे उजेड झाला. आणि फाट्यावरची सगळी माणसं एकदम गप्प झाली.

मी काय समजलो? मी समजलो, लाजेने गप्प झाली. एवढी वाट पाहून आणि बुद्ध धुरकट काचेमागे. पहिला गिअर टाकून निघालो. माणसं दोन्ही बाजूंनी चालू लागली. घोषणा नाही, बँड नाही, फक्त माझं इंजिन आणि पायांचा आवाज. बाजूच्या आरशात मला त्यांची तोंडं दिसत होती, आतल्या उजेडात उजळलेली. ती सारखी माना हलवत होती. इकडे, मग तिकडे. कोणी वाकायचं, कोणी टाचा उंच करायचं. लहान पोट्टी दोन पावलं मागे जायची, परत पुढे यायची. मला वाटलं, दिसत नाही म्हणून शोधून राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाप वाकून विचारतोय असं वाटलं, दिसते का रे? उतरून माफी मागावी म्हटलं, तर पाय काढला की बल्ब विझतो. तसाच बसून राहिलो.

रामरावच्या घरापाशी मी गाडी अगदी हळू केली. दारात मैनाबाई उभी होती. तेरवीच्या आत बाई उंबऱ्याबाहेर येत नाही, ती उंबऱ्यावरच होती. गाडी थांबली. तिने पाहिलं. मग ती चौकटीच्या या टोकाला सरकली आणि पाहिलं. मग त्या टोकाला सरकली. मग तिने हात जोडले नाहीत, रडली नाही, पदर तोंडावरून काढला आणि नुसती उभी राहिली. दहा दिवसांत तिचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या मागे अंधारात तिच्या दोन्ही मुली होत्या, त्यांची तोंडंही उजळली. मी अॅक्सिलेटरवर पाय दाबून धरला. जावंसं वाटेना. मागून कोणी चला म्हटलं नाही.

विहारासमोर गाडी उभी केली तेव्हा तांड्यावरची हंसाबाई पुढे आली. सत्तरीची म्हातारी. काचेसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "काय तेज हाये बापा!" आणि वाकली.

इंद्रजित घाबरला. त्याला हे नको असतं. चमत्कार, अंगात येणं, नवस, हे सगळं सोडून आपण आलो, असं तो नेहमी सांगतो. तो गाडीच्या पायरीवर चढला आणि ओरडला, "ऐका! चमत्कार-बिमत्कार काही नाही! बळीरामबावानं काच राखेनं घासली. तिच्यावर बारीक ओरखडे पडले. त्या ओरखड्यावरून उजेड असा गोल दिसते. बाकी काही नाही!"

हंसाबाई म्हणाली, "म्या कुठं म्हटलं चमत्कार हाये म्हून? मास्तर, खाली उतर. मले पाहू तं दे."

लोक हसले. महिनाभरात गावात मी पहिल्यांदा एवढी माणसं एकत्र हसताना ऐकली.

मी खिडकीतून विचारलं, "काय गोल? काय दिसून राह्यलं?"

तेव्हा इंद्रजित माझ्याजवळ आला. त्याचा आवाज बदलला होता. "बावा, तुमाले ठाऊकच नाही? मूर्तीच्या डोक्यामागे कडी दिसते. उजेडाची. एकात एक, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर होतात तशी. बारीक सोन्याच्या तारेसारखी."

"अन् माना काहून हलवून राह्यले सारे?"

"कारण आपण सरकलो तं कडी बी सरकते बावा. जो जिथं उभा हाये, त्याले तिथूनच मधोमध दिसते. म्या पंधरा माणसाले विचारलं. पोट्टे खाली बसून पाहून राह्यले, त्याइले बी मधोमध. हंसाबाई त्या टोकाले, तिले बी मधोमध. कोणाले तिरपं दिसतच नाही."

मग म्हणाला, "उतरा ना. पाहा तं खरं."

मी म्हटलं, "पाय काढला तं विझते."

"मी दाबतो पाय."

"तुले ही गाडी जमणार नाही. बंद पाडशील." हे खरं होतं. या गाडीचा अॅक्सिलेटर मलाच कळतो. आणि तेवढ्यात मागून आणखी माणसं आली होती, वरच्या आळीतली, हातात म्हाताऱ्या आयांना धरून. त्यांच्यापुढे बल्ब विझवायचा?

मी बसून राहिलो. किती वेळ ते पाहिलं नाही. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. वळून मागे पाहिलं. कौसल्या मूर्तीला हात लावून बसलेली, आणि तिच्या पलीकडे काचेबाहेर तोंडंच तोंडं. आमच्या वस्तीची, वरच्या आळीची, तांड्यावरची. ओळीने नाहीत, गर्दी नाही, जो तो आपापल्या जागी उभा. धक्काबुक्की नव्हती. पुढे जायची घाई कोणाला नव्हती. प्रत्येकाचं तोंड उजळलेलं आणि सारी तोंडं माझ्याकडे. म्हणजे बुद्धाकडे, पण मी तिथेच पुढे बसलो होतो.

मग लाईट आली. गावभर पिवळे बल्ब पेटले आणि लोकांनी सुस्कारा टाकला, जसं काही कोणी उठून गेलं. मूर्ती आत नेली. मला चौघांनी धरून उतरवलं, पाय टेकत नव्हता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हिरासिंगचा निरोप आला. पांढरकवड्याला एक जुनी मेटाडोर भंगारात निघाली, तिच्या दोन्ही काचा त्याने माझ्यासाठी काढून ठेवल्या, अगदी साफ. कौसल्याने विचारलं, "आणता काय?"

मी काचेवरून हात फिरवला. ती म्हणाली, "या इकडे." मला मधल्या सीटवर बसवलं, लसूण सोलायला बसते त्याच जागी. सूर्य रजतच्या पऱ्हाटीवर टेकला होता. काचेतून पाहिलं.

सूर्याभोवती कडी. एकात एक. मी मान डावीकडे नेली, कडी आली. उजवीकडे नेली, आली. पऱ्हाटीची पांढरी बोंडं त्यांच्यात अडकल्यासारखी दिसत होती. मी राखेने घासली ती काच. माझ्या हाताने.

"म्या तवाच सांगतलं होतं," कौसल्या म्हणाली.

"हो. सांगतलं होतं."

सूर्य बुडेपर्यंत आम्ही बसलो. मैनाबाईने त्या दिवशी याच जागी बसून काय पाहिलं असेल, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिरासिंगला कळवलं की काचा दुसऱ्या कोणाला द्या.

अंधार पडता इंद्रजित आला. शाळेत पोरांना त्या रात्रीचं सांगायचं आहे, तुम्ही या म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. "बावा, साऱ्या गावानं पाह्यलं. तुमीच तेवढे राह्यले. पोट्टे तुमाले इचारतीन, तुमी काय पाह्यलं, तं काय सांगान?"

मी विचार केला. छप्पन साली पाठी पाहिल्या, ते मी पन्नास वर्षं सांगत आलो.

म्हटलं, "तोंडं पाह्यली, सांगन. सारी तोंडं."